जीर्ण आणि वृद्ध

माणसाच्या उतरत्या वयाविषयी बोलताना मराठी भाषा जे तत्सम शब्द वापरते त्यांची प्रामुख्याने दोन कुळे आहेत. एक 'वृध्' या धातूचे. 'वृद्ध' आणि 'वार्धक्य' हे शब्द या कुळात येतात, तसेच 'वृद्धी' आणि 'वर्धन' हेही येतात; म्हणजे व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर वृद्ध म्हणजे वाढलेला, वाढ पुरी झालेला मनुष्य. दुसरे कुळ 'जॄ' या धातूचे. 'जरा' आणि 'जीर्ण' हे त्यातले. जीर्ण वस्त्र म्हणजे विरलेले, झिजलेले वस्त्र. पण याच 'जीर्ण' शब्दाला 'पचलेले' असाही अर्थ आहे, आणि म्हणूनच जे पचत नाही त्याला आपण आजही अजीर्ण म्हणतो. वाढणे, झिजणे आणि पचून जाणे या तीन कल्पना एकाच अवस्थेभोवती भाषेने गोळा करून ठेवल्या आहेत. शब्दांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा गोष्टींचे कौतुक वाटते, आणि ते कौतुक बहुधा तेथेच संपते. माझे ते तेथे संपले नाही, याचे कारण माझा गुडघा आणि त्याहीपूर्वीचा माझ्या आईचा गुडघा.

1994 साली एका वार्षिकांकासाठी मी 'वार्धक्य आणि भारतीय जीवनदृष्टी' असा एक दीर्घ लेख लिहिला होता. मी तेव्हा पस्तिशीचा होतो. पाश्चात्त्य मन वार्धक्याशी झुंजते आणि भारतीय मन त्याचा प्रसन्नपणे स्वीकार करते, असे त्या लेखाचे प्रमेय होते. आश्रमव्यवस्था, वानप्रस्थ, ययातीचा पश्चात्ताप हे सारे पुरावे यथास्थित मांडलेले होते. लेखाचे बरे स्वागत झाले. तो मी बडोद्याच्या ज्या घरात लिहिला त्या घरात वरच्या मजल्यावर माझी खोली होती, आणि आई त्या सुमारास वर येणे बंद झाली होती. आधी ती एकेक पायरी बसून चढत असे. मग तिने जेवणाचा पाट सोडला आणि स्टूल घेतले. मग देवघरात मांडी घालणे सोडले. विचारले की म्हणे, "वयच आहे रे, आता असंच चालायचं." मी तिचे हे वाक्य प्रसन्न स्वीकाराचे उदाहरण म्हणून लेखात घेतले होते. रात्री कूस बदलताना ती दातावर दात धरीत असे, हे मला लेख छापून आल्यानंतर बहिणीकडून कळले. ते मला आधी कळायला हरकत नव्हती. मी त्याच घरात राहत होतो.

ज्याला आपण बोलण्यात 'गादी झिजली' म्हणतो ती गादी म्हणजे कूर्चा. डॉक्टर कार्टिलेज म्हणतात. हाडांच्या टोकांवर असलेला हा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर शरीरातील एक विलक्षण वस्तू आहे. त्याच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पेशी अतिशय थोड्या, एकूण आकारमानाच्या दोन-चार टक्क्यांच्या आसपास. बाकी सारे त्या पेशींनी आपल्याभोवती विणलेले तंतूंचे आणि पाणी धरून ठेवणाऱ्या रेणूंचे जाळे. पेशींना अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, पाझरून. हालचाल थांबली की तेही मंदावते. विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, त्यातला एक निष्कर्ष आजही प्रत्येक अस्थितज्ज्ञाला पाठ असतो: कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही.

2016 साली डेन्मार्कमधील संशोधकांनी याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. 1950 आणि 1960 च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात अणुबाँबच्या चाचण्या केल्या, त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम चढले आणि नंतर हळूहळू उतरत गेले. कोणत्या वर्षी शरीरात कोणता ऊतक बनला हे त्या कार्बनच्या खुणेवरून ओळखता येते. या पद्धतीने गुडघ्याची कूर्चा तपासली असता असे आढळले की तिच्यातील कोलॅजेनचे तंतू वयात येईपर्यंत जे विणले जातात तेच जन्मभर राहतात. प्रौढपणी त्यांत जवळजवळ काही बदलत नाही. निरोगी गुडघा असो वा दुखरा. माझ्या गुडघ्यात आज जे वस्त्र आहे ते मी शाळेत असताना विणले गेलेले आहे. ज्याला आपण म्हातारा गुडघा म्हणतो त्यातली सर्वांत जुनी वस्तू ही आपल्या कोवळ्या वयाची आहे, हे वाचल्यावर मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

तर मग म्हातारे होते कोण? पेशी. आणि तेही निश्चितपणे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला, आणि तो 1946 पर्यंत वाढतच राहिला असे जगाला सांगण्यात आले. पेशी मूलतः अमर आहेत, म्हातारपण बाहेरून येते, असा समज त्यामुळे पक्का झाला. 1961 मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशींवर काम करून दाखवले की त्या साधारण 50 वेळा विभागतात आणि थांबतात. कॅरेल यांच्या पात्रात खाद्याबरोबर दर वेळी ताज्या पेशीही पडत असाव्यात, असा तर्क पुढे झाला. अमरत्वाच्या बऱ्याच कथांमागे असे काही तरी असतेच.

थांबलेली पेशी मरत नाही, हा या कथेतला महत्त्वाचा भाग. तिच्या जनुकद्रव्याला इजा झालेली असते. अशा पेशीने विभागत राहणे म्हणजे कर्करोगाला आमंत्रण. म्हणून ती स्वतःहून विभाजन थांबवते. येथवर हे एक प्रकारचे शहाणपण आहे, वानप्रस्थाची आठवण करून देणारे. परंतु 2008 साली अमेरिकेत जूडिथ कॅम्पिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या थांबलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आसपास दाह उत्पन्न करणारी रसायने आणि भोवतीचे जाळे विरघळवणारी विकरे स्रवत राहतात, आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही आपल्यासारखे करतात. कूर्चेसारख्या ठिकाणी, जेथे पेशी मोजक्या आणि जाळे पुन्हा विणले जात नाही, तेथे हे स्रवणे फार महागात पडते. मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी 2017 मध्ये अशा पेशी निरोगी उंदरांच्या गुडघ्यात नेऊन सोडल्या, तर त्या गुडघ्यांत संधिवातासारखी अवस्था निर्माण झाली.

इंग्रजी वृत्तपत्रे या पेशींना 'झॉम्बी' म्हणतात: मेलेल्या, तरी हिंडणाऱ्या. मला हे नाव रुचत नाही, कारण त्यात मारण्याचा परवाना आधीच देऊन ठेवलेला आहे. मराठीत हा शब्द घाईने 'झोंबी' असा लिहिला गेला तर मात्र अनवधानाने तो अधिक अर्थपूर्ण होईल. आपली झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. आणि मिरची झोंबते तेही आपण त्याच क्रियापदाने सांगतो. जी पेशी सोडत नाही आणि झोंबत राहते तिचे हे वर्णन त्या चित्रपटी भुतापेक्षा कितीतरी बरे आहे.

या पेशी वेचून नष्ट करणाऱ्या औषधांचा शोध 2015 नंतर झपाट्याने सुरू झाला, आणि गुडघा हे त्याचे एक पहिले रणक्षेत्र ठरले. 2017 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेनिफर एलिसेफ यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या गुडघ्यातला एक स्नायुबंध कापला की काही आठवड्यांत कूर्चा खराब होऊ लागते व तेथे थांबलेल्या पेशी साठतात. या पेशी औषधाने काढून टाकल्यावर वेदना कमी झाली, कूर्चेचा ऱ्हास मंदावला. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत माणसांच्या गुडघ्यांतून काढलेल्या कूर्चेच्या पेशींवरही आशादायक परिणाम दिसला. त्या औषधाची माणसांवरील चाचणी कॅलिफोर्नियातील युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीने केली. 183 रुग्ण, गुडघ्यात एक इंजेक्शन, बारा आठवड्यांनी वेदनेचे मोजमाप. ऑगस्ट 2020 मध्ये निकाल जाहीर झाला: औषध मिळालेले आणि नुसते खारे पाणी मिळालेले यांच्यात फरक नव्हता. ते औषध गुडघ्यापुरते तेथेच संपले. कूर्चेचा ऱ्हास थांबवते म्हणून मान्यता मिळालेले एकही औषध आजतागायत नाही, आणि 2020 साली जगात या विकाराचे सुमारे 59 कोटी 50 लाख रुग्ण होते, असा एक मोठा अंदाज आहे.

एका औषधाच्या अपयशाने कल्पना खोटी ठरत नाही. दुसरे औषध, दुसरी मात्रा, दुसरी वेळ यांचा शोध चालू आहे. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. हे करावे का? म्हातारपण हा काही रोग नव्हे, ती जीवनाची एक अवस्था आहे. तिचे एकेक अंग रोग म्हणून उपटून काढू लागलो तर शेवटी काय शिल्लक राहील, असे विचारणारे लोक आहेत, आणि ते सगळेच प्रतिगामी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'वार्धक्य' अशी नोंद येणार होती. वृद्धांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि ती आवृत्ती 2022 मध्ये अमलात येण्यापूर्वीच शब्द बदलण्यात आला. वय हाच रोग ठरला तर प्रत्येक म्हाताऱ्याच्या तक्रारीवर तेच एक उत्तर मिळेल, ही त्यांची भीती होती. ती मला रास्त वाटते. पण लक्षात घ्यावे की वय हा रोग नाही असे म्हणूनही तेच उत्तर मिळते. आईला तीन डॉक्टरांनी ते दिले होते, आणि चौथे मी, लेख लिहून.

आपल्या परंपरेच्या नावाने मी जे सांगितले होते त्याची तपासणी मी फार उशिरा केली. वाग्भटाने आयुर्वेदाची आठ अंगे मोजली त्यांत 'जरा' हे एक स्वतंत्र अंग आहे. म्हणजे जरेवर उपाय करणे हे वैद्याचे एक नियत काम मानलेले होते. सुश्रुताने तर तहान, भूक, झोप, मृत्यू यांच्या जोडीला जरेला स्वभावज व्याधींमध्ये घातले आणि पुढे जाऊन या व्याधींचे दोन प्रकार केले: कालज आणि अकालज. शरीराची नीट राखण करूनही जे येते ते कालज; राखण न केल्यामुळे जे येते ते अकालज. 1994 च्या लेखात यातले काही नव्हते. मी ययातीपाशी गेलो होतो आणि सुश्रुतापाशी गेलो नव्हतो. कथा वाचणाऱ्यांचा हा नेहमीचा दोष आहे.

सुश्रुताचा हा भेद किती उपयोगाचा आहे हे एका आधुनिक अभ्यासाने माझ्यापुरते सिद्ध केले. 2017 साली हार्वर्डमधील संशोधकांनी अमेरिकेतील जुन्या आणि अलीकडच्या सांगाड्यांचे गुडघे तपासले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण सुमारे दुप्पट झालेले आढळले, आणि लोकांचे वाढलेले आयुष्य व वाढलेले वजन हिशेबात धरूनही ही वाढ उरतच होती. तेव्हा 'वयच आहे' हे वाक्य निदान अर्धे तरी खोटे आहे. जे वयाच्या नावावर खपवले जाते त्यात राहणीचा, कामाचा, जुन्या इजेचा, न चालण्याचा किती वाटा आहे ते विचारल्याशिवाय कुणाच्या दुखण्याला नैसर्गिक म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. पन्नाशीनंतर हा विकार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळतो, आणि 'असंच चालायचं' हे वाक्यही माझ्या ऐकण्यात बहुतेक स्त्रियांच्याच तोंडून आलेले आहे. या दोहोंचा संबंध मी शास्त्र म्हणून सांगत नाही.

ययातीचा दाखला येथे लागू पडतो का, हेही पाहिले पाहिजे, कारण अशा प्रत्येक चर्चेत तो काढला जातो. ययातीला आपले तारुण्य परत हवे होते, ते भोगासाठी हवे होते, आणि ते त्याने मुलाकडून घेतले. गुडघा दुखणाऱ्या बाईला तारुण्य नको असते. तिला जिना चढायचा असतो, न्हाणीघरात कुणाचा हात न धरता उठायचे असते. थांबलेल्या पेशी काढून टाकल्या तरी कूर्चेतले जुने तंतू तेच राहणार, हे वर सांगितलेच आहे; फार तर त्यांना जाळणारा विस्तव विझेल. याला पुनर्यौवन म्हणणे ही जाहिरातीची भाषा झाली. कथेतला फक्त एकच भाग मला चुकवता येत नाही, तो पुरूचा. कुणी तरी आपले निरोगी शरीर दिल्याखेरीज हा सौदा होत नाही. येथे ते उंदराने दिले आहे, आणि त्याला कुणी विचारले नव्हते. उपचार त्यामुळे त्याज्य ठरतो असे मी म्हणत नाही. मी स्वतः तो घेईन. पण पुरूचे नाव आपण हजारो वर्षे लक्षात ठेवले आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

खरी अडचण मला वेगळ्या ठिकाणी वाटते. 'सफाई' हा शब्द या संशोधनात सर्रास वापरला जातो. म्हाताऱ्या पेशींची सफाई. समाजाने म्हाताऱ्या माणसांविषयी अशी भाषा वापरली तर आपण चपापतो, पेशींविषयी वापरली तर चपापत नाही. आणि पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच आहे. रूपकावरून नीतिनियम काढण्याची सवय समीक्षकाला असते, ती येथे आवरली पाहिजे. परंतु हे रूपक विज्ञान म्हणूनही पुरते बरोबर नाही. गर्भाची घडण होताना काही ठिकाणी अशा थांबलेल्या पेशी लागतात, हे 2013 मध्ये दिसले. जखम भरून येण्यास त्या मदत करतात, हे 2014 मध्ये दिसले. 2020 मध्ये एका प्रयोगात म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतातून अशा पेशी हटवल्या तेव्हा त्यांच्या जागी नव्या आल्या नाहीत. तेथे व्रणासारखे कठीण ऊतक वाढले. त्या पेशी थांबलेल्या होत्या, तरी जागेवर उभ्या राहून काही काम करीत होत्या. कोणती पेशी झोंबते आहे आणि कोणती नुसती उभी आहे, हे वेगळे काढण्याची विद्या अजून कच्ची आहे. 'जीर्ण' शब्दाचा तो दुसरा अर्थ मला येथे आठवतो. जे पचले ते अंगी लागलेले असते. ते काढून टाकायचे म्हणजे काय काढायचे?

आणि वेदनेचे काय? कूर्चेत मज्जातंतू नाहीत, म्हणजे जी झिजते ती दुखत नाही. दुखते ते आजूबाजूचे: हाड, सांध्याचे अस्तर, स्नायुबंध. क्ष-किरण चित्रात गुडघा पार बिघडलेला दिसतो आणि माणूस पंढरपूरपर्यंत चालत जातो. दुसऱ्याचे चित्र बरे दिसते आणि त्याला झोप लागत नाही. 2002 साली ह्यूस्टन येथे 180 रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, काहींना नुसता छेद देऊन टाके घातले. दोन वर्षे पाहिले तरी खऱ्या शस्त्रक्रियेचा अधिक फायदा दिसला नाही. खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनाने अनेकांना आराम वाटतो हेही वारंवार आढळले आहे. याचा अर्थ वेदना काल्पनिक आहे असा काढणारे लोक असतात. तो अर्थ चुकीचा आणि निर्दय आहे. मला यातून इतकेच दिसते की आईचे दुखणे तिच्या कूर्चेपुरते नव्हते, आणि तिची कुणी दखल घेतली असती, गुडघ्याला हात लावून कुणी विचारले असते, तर तेवढ्याने पेशी बदलल्या नसत्या, पण काही तरी हलले असते. हे शास्त्राच्या विरोधात बोलणे नव्हे. औषधाच्या चाचणीतच खाऱ्या पाण्याचा गट असतो, आणि त्याचे आकडे शास्त्रानेच लिहून ठेवलेले आहेत.

आईची शस्त्रक्रिया झाली नाही. तिच्या पिढीत 'वाटी बदलणे' (वस्तुतः बदलले जाते ते हाडांच्या टोकांचे अस्तर, वाटी बहुधा तशीच राहते, पण बोलीत हाच शब्द रुजला आहे) मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांसाठी असे. 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा ती हयात नव्हती.

माझा उजवा गुडघा गेल्या चार वर्षांपासून दुखतो. तपासणाऱ्या बाई तिशीतल्या होत्या. चित्र पाहून त्या म्हणाल्या, "सर, वयाप्रमाणे आहे हे." मी म्हटले, "डावाही त्याच वयाचा आहे, तो दुखत नाही." त्या हसल्या, चित्र बाजूला ठेवले, आणि मला पलंगावर आडवे व्हायला सांगून दोन्ही मांड्यांची ताकद तपासून पाहिली. उजवी बरीच कमी होती. कॉलेजात असताना सायकलवरून पडलो होतो, तेव्हापासून मी नकळत डाव्या पायावर अधिक भार देत आलो आहे, असे निघाले. त्यांनी मांडीचे तीन व्यायाम दिले आहेत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली आणायचा. मी ते सकाळी करतो, आईच्या त्या स्टुलावर बसून. त्याची उंची बरोबर आहे.